शेजारची नळी

बरणी सोमवारी दुपारी आली. 2006 चा मे महिना. बरणी प्लॅस्टिकची, बहुधा आधी लोणच्याची. झाकणाला चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं नाव, वय 46, आणि ‘डावा स्तन’. पेशंटच्या दिरानं ती एसटीत मांडीवर धरून आणली होती. ऑपरेशन तालुक्याच्या गावी शनिवारी झालं होतं. आत अख्खा स्तन, न चिरलेला, आणि फॉर्मॅलिन जेमतेम निम्म्यापर्यंत.

मी पॅथॉलॉजिस्ट. जिल्ह्याच्या गावात माझी लॅब आहे, तेव्हा तिला अकरा वर्षं झाली होती. मी बरणी ठेवून घेतली, पावती दिली, दिराला ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं. ऑपरेशन किती वाजता संपलं, फॉर्मॅलिनमध्ये कधी टाकलं, मधे कुठे ठेवलं होतं, यातलं काहीही विचारलं नाही. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. रजिस्टर मीच आखलेलं होतं.

सुरी घातली तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलंही. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत जातं, चरबीतून त्याहून सावकाश. म्हणून स्तन काढल्याबरोबर त्याला सुरीनं काप पाडायचे आणि नमुन्याच्या दसपट फॉर्मॅलिनमध्ये सोडायचा, म्हणजे ते आतपर्यंत पोचतं. इथे बाहेरचं बोटभर राखाडी आणि घट्ट झालं होतं, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. मधला भाग गुलाबी आणि मऊ, आणि त्याला फॉर्मॅलिनचा नाकात जाणारा वास नव्हता. दुसराच वास होता, आणि तो कशाचा हे मला माहीत होतं. टेबलावर त्या दिवशी आणखी तेरा नमुने होते. मी गाठीच्या मधोमधचे दोन तुकडे घेतले, कडेचा एक घेतला, काखेतल्या गाठी मोजल्या आणि पुढच्या बरणीकडे वळले.

कॅन्सर होता यात शंका नव्हती. ग्रेड दोन, काखेतल्या तीन गाठींत पसरलेला. आठवड्यानं कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली, ईआर-पीआर करून पाठवा.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा. रिसेप्टर हे पेशीच्या केंद्रकात बसलेलं एक प्रथिन. रक्तातून इस्ट्रोजेन येतं, त्याला चिकटतं, आणि ती जोडी डीएनएवर बसून काही जनुकं जागी करते. त्यांतली काही पेशीला विभागणीच्या उंबरठ्यावर आणून सोडतात. कॅन्सरच्या पेशींत हा रिसेप्टर भरपूर असला की तो कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसला जातो. जगभरातल्या स्तनाच्या कॅन्सरांपैकी सुमारे 70 टक्के किंवा त्याहून थोडे जास्त असे असतात. टॅमॉक्सिफेनची गोळी रिसेप्टरवर इस्ट्रोजेनची जागा अडवते. रोज 20 मिलिग्रॅम, पाच वर्षं. कॅन्सर परत येण्याचं प्रमाण त्या पाच वर्षांत जवळजवळ निम्म्यावर येतं, आणि पंधरा वर्षांत त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. गोळी महाग नाही. पण रिसेप्टर नसेल तर तिचा उपयोग नाही, म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट आला की डॉक्टर ती लिहीतच नाहीत. मी एक शब्द टाइप करते आणि त्या शब्दावर पाच वर्षांची गोळी चालू होते किंवा होत नाही.

ही तपासणी आम्ही कशी करायचो ते सांगते. मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा, स्लाइडवर घ्यायचा. फॉर्मॅलिननं प्रथिनं एकमेकांत अडकलेली असतात, ती मोकळी करायला स्लाइड सायट्रेट बफरमध्ये बुडवून कुकरमध्ये उकळायच्या. आमचा कुकर साधा, घरातला, स्टीलचा होता. मग रिसेप्टरला ओळखणारी अँटीबॉडी, मग रंग. जिथे रिसेप्टर तिथे केंद्रक तपकिरी, नाही तिथे निळं. दर खेपेला एक ओळखीची पॉझिटिव्ह गाठ सोबत लावायची, रंग नीट चढतो की नाही ते कळावं म्हणून. त्या दिवशी ती कंट्रोलची स्लाइड सुरेख तपकिरी झाली होती. बाईंची स्लाइड पूर्ण निळी होती. मी दोन मिनिटं पाहिली असेल. लिहिलं, ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह.

त्याच काचेवर, गाठीच्या कडेला, दुधाच्या दोन नॉर्मल नळ्या होत्या. पाळी चालू असलेल्या बाईच्या नॉर्मल नळीत, आतल्या अस्तरात, काही पेशी तपकिरी दिसायलाच हव्यात. सगळ्या नाहीत, चार-पाचांत एखादी, विखुरलेल्या. त्या दिसल्या नाहीत तर गाठीबद्दल काही बोलताच येत नाही, कारण मग तपासणीच फसलेली असते. कंट्रोलची गाठ वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये गेलेली, म्हणून ती रंगली. या बाईंचा तुकडा दोन दिवस आतून नासत होता, त्यातलं प्रथिन रंगायला उरलंच नव्हतं. रंग आणि अँटीबॉडी ठीक आहेत एवढंच कंट्रोलनं मला सांगितलं होतं. नमुना ठीक आहे की नाही हे सांगणारी फक्त ती शेजारची नळी होती. तिच्यातही एक तपकिरी ठिपका नव्हता, आणि मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

का पाहिलं नाही, याचा मी नंतर बराच विचार केला. वेळ नव्हता हे खरं आहे, पण कारण तेवढंच नाही. त्याच्या मुळाशी दोन समजुती होत्या.

पहिली अशी की आपल्याकडे निगेटिव्ह जास्तच असतात. परिषदांमधून मी हे वर्षानुवर्षं ऐकलं होतं. आपल्या बायकांना कॅन्सर कमी वयात होतो, आक्रमक असतो, म्हणून रिसेप्टर कमी. वयाचा भाग त्यात आहेच. पण आपल्याकडचे किती नमुने उशिरा, कमी फॉर्मॅलिनमध्ये, न चिरता येतात हेही त्यात आहे, आणि ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, माझ्या टेबलावर रोज दिसत होतं. निगेटिव्ह आला की मला त्यात खटकण्यासारखं काही वाटायचं नाही. पॉझिटिव्ह आला असता तर कदाचित दोनदा पाहिलं असतं. शिवाय ही गाठ ग्रेड दोनची होती, पेशी अजून नळ्यांचा आकार धरून होत्या. अशी गाठ पूर्ण निगेटिव्ह निघाली तर थांबून विचार करावा, हे पुस्तकांत तेव्हाही होतं.

दुसरी समजूत मला जास्त लागते, कारण ती मी शिकवत होते. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या, मुलांना आठ-नऊ वर्षं मी एकच उदाहरण दिलं: इस्ट्रोजेन म्हणजे खत आणि रिसेप्टर म्हणजे मूळ, जिथे मूळ असेल तिथे वाढ होणार. नॉर्मल स्तन असो की कॅन्सर, रिसेप्टर असलेली पेशी इस्ट्रोजेन घेते आणि विभागते. कॅन्सरमध्ये तेच जास्त होतं, एवढंच. मुलं ते लिहून घ्यायची. ते चूक होतं, आणि चूक असल्याचं मी शिकवायला लागले त्याच सुमाराला छापून आलं होतं.

1997 मध्ये मँचेस्टरच्या रॉबर्ट क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या नॉर्मल स्तनाचे काप घेऊन एकाच वेळी दोन गोष्टी रंगवल्या: रिसेप्टर, आणि विभागणाऱ्या पेशीत दिसणारं केआय-67 नावाचं प्रथिन. नॉर्मल नळीत दोन्ही एकाच पेशीत जवळजवळ कधीच सापडले नाहीत. ज्या पेशीत रिसेप्टर आहे ती विभागत नव्हती. विभागत होती ती शेजारची, जिच्यात रिसेप्टर नाही. गाठींत मात्र दोन्ही एकाच पेशीत दिसत होते.

म्हणजे नॉर्मल स्तनातली तपकिरी पेशी निरोप घेणारी असते. इस्ट्रोजेनचा निरोप आला की ती अँफिरेग्युलिन नावाचं प्रथिन सोडते. ते आजूबाजूच्या आधार-ऊतीपर्यंत जातं, तिथून वाढीचे दुसरे संदेश उलट नळीकडे येतात, आणि मुलगी वयात येताना नळ्या चरबीत पुढे पुढे सरकतात. प्रोजेस्टेरॉनचा निरोप आला की रँक-एल नावाचं प्रथिन शेजारणीला जातं आणि ती विभागते. त्यामुळे पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, प्रोजेस्टेरॉन वर असताना, नळ्यांतल्या पेशी जास्त विभागलेल्या दिसतात. कॅथरिन ब्रिस्केन यांनी 1998 मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग तर मी नंतर किती वेळा वाचला असेन. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर नसलेल्या स्तनपेशी एकट्या रुजवल्या तर दुधाच्या पिशव्या तयार होत नाहीत. त्याच पेशी नॉर्मल पेशींच्या सोबतीनं रुजवल्या की त्यांच्याही होतात. ऐकायला जवळ कुणीतरी असलं की पुरतं.

या व्यवस्थेत वाढीला आपोआप वेसण आहे. निरोप घेणारी स्वतः वाढत नाही, म्हणून निरोप घेणाऱ्यांची संख्या बेसुमार होत नाही. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन मिळून दुधाच्या पिशव्यांचे घोस उभे करतात, बाळाचं दूध तुटलं की त्यातल्या बहुतेक पेशी मरून जातात आणि स्तन पुन्हा जवळपास पहिल्यासारखा होतो. इस्ट्रोजेनवर पोसलेल्या कॅन्सरमध्ये ही वेसण तुटलेली असते. रिसेप्टर असलेली पेशी निरोप घेते आणि स्वतःच विभागते. तिच्या दोन होतात, दोघींत रिसेप्टर, दोघी पुन्हा तोच निरोप घेतात.

नॉर्मल नळीतले ते विखुरलेले तपकिरी ठिपके विखुरलेले का, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पडला असता तर प्रत्येक स्लाइडवर मी आधी ते शोधले असते. माझ्या लेखी नॉर्मल म्हणजे बघून झालेलं.

नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईहून कागद आले. बाईंच्या गळपट्टीच्या हाडावर गाठ आली होती, कण्यात कॅन्सर पसरला होता. त्या नव्या गाठीच्या तुकड्यावर ईआर जोरदार पॉझिटिव्ह. त्यांनी जुने ब्लॉक मागवले होते.

पहिले दोन दिवस मी काय केलं तेही लिहायला हवं. मी पुस्तक काढलं. कॅन्सर परत येतो तेव्हा काही जणींत रिसेप्टर बदलतो, हे खरं आहे. तो परिच्छेद मी खूण करून ठेवला. तेव्हा निगेटिव्ह होता, आता पॉझिटिव्ह झाला, असं उत्तर मनात तयारही केलं. लॅबमध्ये कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ब्लॉक पाठवायचे म्हणून जुन्या स्लाइड काढल्या, आणि निळी स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपखाली लावली. नळ्या पहिल्याच नजरेत दिसल्या. दोन्ही निळ्याशार. मग मी तो कडेचा तिसरा ब्लॉक कापला, फॉर्मॅलिन वेळेवर पोचलेल्या त्या बोटभर भागातला. कुकर लावला. संध्याकाळी स्लाइड पाहिली. गाठीतल्या दहापैकी नऊ पेशी गडद तपकिरी, आणि बाजूच्या नळीत ठिपके, अगदी जिथे असायला हवेत तिथे.

तो ब्लॉक अडीच वर्षं माझ्याच कपाटात होता.

मी मुंबईला सगळं लिहिलं. इथल्या डॉक्टरांनाही लिहिलं. बाईंना लिहिलं नाही. पेशंटला सांगणं हे त्यांच्या डॉक्टरांचं काम, असं मी मनाशी ठरवून टाकलं, आणि ते ठरवताना मला हायसं वाटलं हे मला आठवतं.

मग तीन वर्षांतले सगळे निगेटिव्ह रिपोर्ट काढले. अकरा स्लाइड अशा निघाल्या की एकतर नॉर्मल नळी निळी होती किंवा काचेवर नळीच नव्हती. दुसरे ब्लॉक घेऊन पुन्हा रंगवलं. पाच जणींचा निकाल बदलला. तिघींच्या गोळ्या चालू झाल्या. दोघींचा पत्ता लागला नाही. एका सर्जननं मला फोनवर बजावलं की जुनं उकरून काढू नका, लोकांचा विश्वास उडेल. मी त्यांना उत्तर दिलं नाही, पण त्या आठवड्यात मी काम थांबवलं होतं. पुढच्या सोमवारी परत सुरू केलं.

2009 च्या मार्चमध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल बाहेर आला. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांचा. तिथे 1997 ते 2005 या काळातल्या ईआर तपासण्या पुन्हा केल्या, तेव्हा साडेतीनशेहून जास्त बायकांचे निकाल चुकलेले निघाले. सुरुवात एका अशा गाठीपासून झाली, जी प्रकारानुसार पॉझिटिव्ह असायलाच हवी होती आणि तिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. नमुने नीट न टिकवणं, कंट्रोलकडे न बघणं, सगळं ओळखीचं. पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच भागानं. चुका कळल्यावर बायकांना वेळेवर आणि सरळ सांगितलं गेलं नाही, यावर त्या अहवालात खूप काही होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या दोन संघटनांनी मिळून नियमावली काढली: एका तासात फॉर्मॅलिनमध्ये, किमान सहा तास आणि जास्तीत जास्त 72 तास, आणि शेजारची नॉर्मल नळी रंगली नसेल तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, तपासणी ग्राह्य नाही असं लिहायचं. ते मी छापून भिंतीवर लावलं. पण त्याआधी, 2009 च्या एप्रिलमध्येच, मी पावतीपुस्तकातून दिराचा नंबर काढून फोन केला होता.

ते दोघे आले. बाईंचे मुंबईला बीजकोश काढले होते आणि इस्ट्रोजेन तयार होऊ न देणारं लेट्रोझोल चालू होतं. कण्याचं दुखणं महिन्या-दीड महिन्यात उतरलं होतं, त्या न धरता चालत आल्या. पुढे साडेपाच वर्षं त्या होत्या, त्यातली चार बऱ्यापैकी.

मी सांगितलं. आधी पाठ केलेलं काही जमलं नाही, जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, “गाठ छातीत, मग पोटातलं का काढलं?” मी म्हटलं की हा उपाय इस्ट्रोजेनचं नावही माहीत नव्हतं तेव्हापासूनचा आहे. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जननं 1895 मध्ये एका तरुण बाईचे बीजकोश काढले आणि तिची छातीवर पसरलेली गाठ विरली, पुढच्या वर्षी त्यांनी ते छापलं. गाय व्यायल्यावर तिचे बीजकोश काढले तर ती जास्त दिवस दूध देते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरून बीजकोशाचं आणि स्तनाचं काहीतरी नातं आहे हे त्यांच्या मनात बसलं. “गाईवरनं व्हय,” त्या म्हणाल्या. त्यांच्या दारात चार म्हशी होत्या. मग म्हणाल्या, “ती गोळी आधी दिली असती तर हे आलं नसतं?”

मी आकडे सांगितले. निम्म्या जणींत टळतं, निम्म्यांत टळत नाही. तुम्ही कोणत्यात असता हे मला सांगता येत नाही. पण ती संधी तुम्हाला मिळायला हवी होती, आणि माझ्यामुळे मिळाली नाही.

त्या काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी ती काच बघायची आहे असं म्हटलं. मी त्यांना स्टुलावर बसवलं, डोळ्यांच्या नळ्या जुळवून दिल्या. आधी तपकिरी स्लाइड लावली. “नाचणी सांडल्यासारखं दिसतंय,” त्या म्हणाल्या. मग निळी लावली.

“ह्यात तर काहीच न्हाई.”

“हो. पण कडेला ती गोल दिसते ना, पोकळ, ती चांगली नळी आहे. कॅन्सरची नव्हे. तिच्यात तरी चार दाणे दिसायला हवे होते. ते नाहीत, हे मी बघायला हवं होतं.”

त्यांनी पुन्हा डोळे लावले. बराच वेळ काढले नाहीत. “ही चांगलीबी माझीच का?”

“हो. तुमचीच.”

दीर तोवर दाराशी उभे होते. त्यांना काही विचारायचं होतं हे आल्यापासून दिसत होतं. बाई बूट-चपला घालायच्या पायरीवर गेल्यावर ते आत आले, आणि आवाज खाली करून म्हणाले, “मॅडम, बरणी मी खिडकीकडं बसून आणली हुती. ऊन लई हुतं. त्यानं तर झालं न्हाई न्हवं?”

मी नाही म्हटलं. तुम्ही आणलीत आणि माझ्या हातात दिलीत, पुढचं माझं होतं. त्यांनी मान हलवली, वळले, आणि दारातून परत येऊन तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.